डाव्या हाताची लय

निंबाळकर वकिलांच्या ऑफिसात नवे संगणक घ्यायचे की जुनेच चालवायचे, हा वाद वर्षभर चालला आणि अखेर जुने जिंकले. जिंकले म्हणजे दुसरा पर्यायच उरला नाही. नव्या यंत्रांसाठी त्या काळात नंबर लावून बसावं लागे, आणि ई-कचऱ्याच्या नव्या कायद्याने जुनी यंत्रं भंगारवाल्याला द्यायलाही मनाई केली होती. ठेवावी तर अडगळ आणि टाकावी तर नोटीस, अशी गत. स्वतः वकील असल्यामुळे निंबाळकरांना नोटिशीची भीती इतरांपेक्षा जास्तच वाटे.

ऑफिस कराडातलं, कोर्टासमोरच्या बोळात, जिना चढून पहिल्या मजल्यावर. काम मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं तयार करण्याचं. एव्हाना सगळं जग यंत्राशी बोलून लिहू लागलं होतं. इथे मात्र अजून बोटांनीच टाइप होई, आणि त्याला कारणही तसंच होतं. भिंतीलगतच्या बाकावर पक्षकाराचे मुलगे, जावई आणि एखादा चुलता कान टवकारून बसलेले असत. त्यांच्यादेखत म्हाताऱ्याचं मृत्युपत्र मोठ्याने सांगत बसलं असतं, तर ते लिहून व्हायच्या आतच खाली रस्त्यावर मारामारी जुंपली असती.

म्हणून या ऑफिसात हेमलता बाबरला मान होता. पन्नाशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर ढकलून काम करणारी ही बाई समोरच्याचं रडगाणं शांतपणे ऐकून घ्यायची आणि त्याच वेळी तिची बोटं ते रडगाणं कायद्याच्या मराठीत उतरवत असायची. लग्न तिने केलं नव्हतं. आधी धाकट्या बहिणींचं उरकायचं होतं, मग आईचं आजारपण निघालं, आणि मग लोकांनी विचारायचंच सोडलं.

जुन्या यंत्रांची सोय लावली ती रेश्मा मुल्लाने. बसस्टँडजवळ तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. तिने सगळ्या जुन्या संगणकांची झाकणं उघडली, आतल्या डिस्क काढून घेतल्या आणि आतल्या खोलीत, जिथे जुन्या दस्तांचे गठ्ठे होते तिथे, एकच नवा दणकट सर्व्हर बसवला.

"आता ह्या टेबलावरच्या डब्यांना डोकं नाही," ती सगळ्यांना समजावत म्हणाली. "तुम्ही बटण दाबलं की ते वायरीतनं आत जातंय. विचार आत होतोय, आणि झालेल्या कामाचं नुसतं चित्र तुमच्या पडद्यावर परत येतंय. ह्याला थिन क्लायंट म्हणतात. डबा कितीबी म्हातारा असू दे, चालतोय, कारण त्याला काम असं काहीच नाही."

"म्हणजे आमच्या जगदाळ्यासारखं," निंबाळकर म्हणाले.

अंकुश जगदाळे म्हणजे ऑफिसातला दुसरा टायपिस्ट. तो सगळ्यांच्या आधी हसला.

"आणि एक," रेश्मा म्हणाली, "आता कुणी कुठंबी बसा. नाव टाकलं की तुमचं अर्धं राहिलेलं काम तुमच्या मागनं त्या टेबलावर येतंय."

सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपापल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसला. जगदाळेच्या खुर्चीवर त्याची कापसाची उशी होती, हेमलताच्या उजव्या हाताला खिडकी होती. अशी जागा माणूस सोडतो होय? रेश्माने कपाळाला हात लावला आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर यंत्रं सुरू करून दिली.

सर्व्हरबरोबर एक सोय फुकट आली होती. तिचं नाव 'हस्तलय'. संमतीचा कागद बराच लांबलचक होता. दुसऱ्यांना कलम न् कलम वाचून दाखवणाऱ्या त्या ऑफिसातल्या प्रत्येकाने तो न वाचता सही केली, निंबाळकरांनी तर सगळ्यात आधी.

हस्तलयेमागचं शास्त्र तसं सरळ होतं. टाइप करताना आपण प्रत्येक बटण काही क्षण दाबून धरतो आणि सोडतो. हा क्षण इतका लहान असतो की डोळ्याला दिसत नाही, पण माणसागणिक त्याची एक ठरावीक लय असते. मेंदूत डोपामीन नावाचं एक रसायन असतं. ते कमी होऊ लागलं की स्नायू ताठरतात, आणि हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी वर्षं आधी ही लय विस्कटू लागते. शिवाय हा आजार, म्हणजे कंपवात, सहसा शरीराच्या एकाच बाजूने सुरू होतो. एक हात ठीक आणि दुसरा मागे रेंगाळणारा, ही त्याची पहिली खूण. पूर्वी हे मोजायला प्रयोगशाळा लागायची. आता अख्ख्या ऑफिसातलं प्रत्येक बटण वायरीतून एकाच ठिकाणी जात होतं आणि तिथलं घड्याळ अचूक होतं. मराठीच्या कीबोर्डवर तर हे आणखीच सोपं, कारण तिथे व्यंजनं उजव्या हाताला आणि मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला असतात. मात्रा उशिरा सुटायला लागल्या, की डाव्या हाताकडे बोट दाखवता येतं.

अहवाल ज्याचा त्यालाच दिसे. दिवाळी सरून थंडी पडली त्या सुमारास हेमलताच्या पडद्यावर तिचा अहवाल उघडला. डाव्या हाताची लय मंदावली आहे, ही कंपवाताची पूर्वसूचना असू शकते, तज्ज्ञांना दाखवावे, असं त्यात लिहिलं होतं. तिने तो दोनदा वाचला, बंद केला आणि समोरच्या आजोबांना विचारलं, "हं, मग विहिरीतला हिस्सा कुणाला?"

तिच्या आवाजात काही फरक पडला नाही. आजोबा गेल्यावर मात्र तिने तो अहवाल पुन्हा उघडला.

कारण त्याच महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं. या वयात, आणि तेही तिच्या स्वतःच्या मर्जीने. विद्याधर कणसे साताऱ्याचे, पॉलिटेक्निकमधले शिक्षक. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वतःचं मृत्युपत्र करायला म्हणून ते आले आणि कुणाच्या नावे काय ठेवायचं हेच त्यांना सुचेना. मग त्यासाठी ते पुन्हा आले, नंतर काहीच कारण नसताना आले. हॉटेलात चहा, कृष्णाकाठी फेरी असं करत करत एक दिवस त्यांनीच सरळ विचारलं आणि हेमलताने मान खाली न घालता हो म्हटलं. माघात लग्नाची नोंदणी करायची होती.

कणसे एरवी पत्नीबद्दल फारसं बोलत नसत. पण हेमलताला सगळ्या साताऱ्याकडून कळलं होतं. त्या बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि कणश्यांनी त्यांना भरवण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने केलं होतं. लोक म्हणत, बिचारा सुटला एकदाचा.

आणि आता आपण जाऊन त्यांना पुन्हा तिथेच अडकवायचं?

ती गुपचूप कोल्हापूरला जाऊन डॉक्टरांना भेटली. त्यांनी तिला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. "माझ्या तपासणीत काही दिसत नाही," ते म्हणाले. "पण ही नवी चाचणी आमच्या डोळ्यांच्या बरंच आधी ओळखते. त्यामुळे नाही असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. काही महिन्यांनी परत या."

त्यानंतर तिचं डाव्या हाताशी वैर सुरू झालं. चहाचा कप ती उजव्या हातात धरू लागली. फोडणी देताना हातातून सांडशी निसटली, तर तिथेच ओट्याला टेकून ती रडली. हात कधी जड वाटे, कधी बधिर. भीती एकदा अंगात शिरली की लक्षणं काय, मागाल तेवढी मिळतात.

माघ लागायच्या आधी तिने कणश्यांना फोन केला. "मला हे जमणार नाही," ती म्हणाली. "कृपा करून कारण विचारू नका."

ते म्हणाले, "बरं." आणि खरोखरच त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. हे फार वाईट झालं. त्यांनी विचारलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

फाल्गुनात ऑफिसकडे एका जुन्या देवस्थानाच्या जमिनीचं काम आलं. ढीगभर दस्त स्कॅन करत करत टाइप करायचे होते आणि स्कॅनर जगदाळेच्या टेबलाला पक्का जोडलेला. देवस्थानाची किचकट भाषा हेमलतालाच जमे, म्हणून निंबाळकरांनी दोघांना जागा बदलायला लावल्या. जगदाळे उशी बगलेत मारून, सासरी निघाल्यासारखं तोंड करून खिडकीपाशी येऊन बसला.

काही दिवसांनी हेमलताचा नवा अहवाल आला. डाव्या हाताची लय सुधारत आहे, असं त्यात होतं. तिला आनंद झाला नाही, उलट रागच आला. हा आजार मंदावतो, लांबतो, पण असा आपोआप सुधारत नाही, एवढं वाचून वाचून तिला पाठ झालं होतं. यंत्रसुद्धा आता आपली समजूत काढायला लागलं, असं म्हणून तिने तो बंद केला.

पुढच्या आठवड्यात जगदाळे खिडकीपाशी ताडकन उठून उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"हेमाताई, माझं आटपलं बगा," तो म्हणाला. "डावा हात गेला माझा. कंपवात म्हणतंय."

जगदाळेच्या पोटात म्हणून काही राहत नसे. त्याने बाकावरच्या पक्षकारांना सांगितलं, निंबाळकरांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं आणि मग बायकोला फोन लावला. दुपारच्या आत त्याच्या गावाहून, मसूरहून, जीप आली. तिच्यातून बायको सुवर्णा, थोरला भाऊ, आई आणि दोन शेजारी उतरले. सगळे जिना चढून वर आले. पक्षकारांना बाक सोडून उभं राहावं लागलं.

"दाखवा हात," सुवर्णा म्हणाली. तिने त्याचा डावा हात धरून उलटा केला, सुलटा केला, पाण्याची घट्ट बाटली त्याच्या हातात दिली. "उघडा ही."

त्याने उघडली.

"सकाळी म्हशीची धार काढली ह्यांनी," ती सगळ्या ऑफिसला उद्देशून म्हणाली. "दोनी हातांनी. म्हशीला काय कळलं न्हाई, आन ह्या डब्याला कळलं?"

"आन झालंच काय, तर आमी हाय की," आई मधेच म्हणाली. "घास भरवाया पाच माणसं हायत घरात. तू कशाला तोंड पाडतूस?"

जगदाळे आईच्या पदरात डोकं खुपसून रडला. भाऊ त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. सुवर्णाने तेवढ्यात जेवणाचा डबाही उघडला होता. हेमलता स्कॅनरपाशी बसून हे सगळं बघत होती. हीच बातमी तिने अख्खा हिवाळा एकटीने गिळून ठेवली होती, आणि या माणसाने ती दुपारच्या जेवणाआधी दहा जणांत वाटून टाकली होती. तिला त्याचा हेवा वाटला. आणि तो हेवा वाटत असतानाच तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

माझा हात तिथे बसून बिघडला आणि इथे बसून सुधारला. त्याचा इथे चांगला होता, तिथे गेल्यावर बिघडला. दोघांचा डावाच.

ती उठली. "सुवर्णा, जरा सरक," असं म्हणून तिने खिडकीजवळच्या टेबलावरचा कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि टेबलावर आपटला.

आधी कुंकवाची भुकटी पडली. मग झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. मग टपटप करत लाल तांदळाचे दाणे. काही दाणे पडेनात, तेव्हा तिने केसातला आकडा काढून डाव्या बाजूची बटणं एकेक करून उचकटली. मात्रेच्या बटणाखाली, वेलांटीच्या बटणाखाली, ओल्या कुंकवाने चिकटून वाळलेल्या अक्षता बसल्या होत्या.

"दसऱ्याची पूजा," निंबाळकर हळूच म्हणाले.

झालं होतं ते असं. यंत्रपूजन दरवर्षीच व्हायचं, पण जुन्या कीबोर्डांवर प्लास्टिकची आवरणं असत. ती पिवळी पडून फाटली होती म्हणून रेश्माने काढून टाकली. हेमलता सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून मुख्य पूजा तिच्या यंत्राची. उजवीकडे खिडकी, त्यामुळे सगळे डावीकडे उभे राहिले आणि प्रत्येकाने मूठ मूठ अक्षता वाहिल्या. सगळ्यात जास्त भक्तिभावाने जगदाळेने.

रेश्माला बोलावणं गेलं. तिने कीबोर्ड पाहिला, अहवाल पाहिले आणि टेबलाच्या कडेवर बसून आधी पोट धरून हसली. "दाण्यानं बटण अडकत नाही, वर यायला नुसतं किंचित रेंगाळतंय," ती म्हणाली. "बोटाला कळत नाही, पण आतल्या घड्याळाला कळतंय. आणि डबा बिनडोक्याचा, बटण खराब आहे हे सांगणार कोण? सर्व्हरला वाटलं, बोटच खराब."

"मग मोठ्या ऑफिसात असं होत नाही?" हेमलताने विचारलं.

"तिथं माणसं रोज वेगळ्या जागेवर बसतात, ताई. एखादा कीबोर्ड बिघडला तरी त्याचा दोष सगळ्यांत वाटला जातोय, हिशेबात धुऊन निघतोय. हे बनवणाऱ्यांनी तेच धरून बनवलंय. एकाच खुर्चीला असं वर्षानुवर्षं चिकटून बसणारी माणसं असतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसंल."

तिने नवा कीबोर्ड जोडला आणि दोघांनाही पानभर मजकूर टाइप करायला लावला. दोघांचेही दोन्ही हात एकसारखे निघाले. तरी खात्री म्हणून हेमलताने कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. तेही हसले. अहवालाचा आधारच गेला आणि तपासणीत तर काही नव्हतंच, तेव्हा तुम्ही निरोगी आहात, असं त्यांनी या वेळी छातीवर हात ठेवून सांगितलं.

जगदाळेंची जीप पेढे वाटून परत गेली. हेमलता आतल्या खोलीत, सर्व्हरच्या गुणगुणण्यात, दस्तांच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. अंगातून मणाचं ओझं उतरलं होतं. डाव्या हाताने तिने डोळे पुसले, आणि त्या हाताची मनोमन माफी मागितली.

रविवारी ती साताऱ्याला गेली. कणश्यांनी दार उघडलं. ते वाळले होते. "या," एवढंच म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले.

दारातच, पाण्याचा पेला हातात धरून, उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं. अहवाल, डॉक्टर, अक्षता, जगदाळेची जीप. तांदळाचे दाणे पडले तिथे आल्यावर कणसे खाली बसले आणि चष्मा काढून बराच वेळ हसत राहिले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. "मला वाटलं, तुम्हाला माझं वय दिसलं," ते म्हणाले. "नाहीतर या घराला येणारा औषधांचा वास."

"नाही हो. असलं काही नाही."

चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "आणि दाणे निघाले नसते तर?"

हेमलताला खोटं बोलता आलं असतं. "तर मी आले नसते," ती म्हणाली.

"मग मला राग आलाय," कणसे म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी सुमतीचं जे केलं, ते मला ओझं झालं होतं असं कोण म्हणालं तुम्हाला? गाव म्हणतं, बिचारा सुटला. सुटायला मी अडकलो कुठे होतो? ती माझी बायको होती. शेवटी शेवटी तिला नुसतं डोळ्यांनी हसता यायचं, आणि त्यासाठी मी कॉलेजातून धावत घरी यायचो. तुम्ही माझ्यावर दया केलीत, हेमलता. माझ्या वाट्याचा निर्णय मला न विचारता घेऊन टाकलात. दुसऱ्यांच्या वाटण्या करता करता तुम्हाला सवयच लागलीय."

शेवटचं वाक्य तिला बरोब्बर लागलं. ते खरंच होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

ते उठून गॅलरीत गेले आणि खुर्चीत बसले. खाली रस्त्यावर मुलांचं क्रिकेट चाललं होतं. हेमलता थोडा वेळ आतच उभी राहिली. पिशवी उचलावी आणि बस धरावी, असं एकदा मनात आलं. मग ती गॅलरीत गेली, रिकामी खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला ओढून बसली आणि मुलांच्या खेळाकडे बघत, कानकोंडी होऊन, हळू आवाजात बोलू लागली.

"मला रक्तदाब आहे. सकाळी गोळी घेते. डावा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आमच्या आईला साखर होती, तेव्हा मलाही कधीतरी होईल. घोरते, असं भाची म्हणते. मागच्या वर्षी एक दाढ काढलीय. चिडले की दोन दोन दिवस बोलत नाही. आणि मला कुणाकडून काही करून घ्यायची सवय नाही, तो सगळ्यात मोठा आजार."

बोलून झाल्यावर तिला फार हलकं वाटलं. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. कणसे मान वाकडी करून, कपाळाला आठ्या घालून तिच्या ओठांकडे बघत होते.

"एक सांगू?" ते म्हणाले. "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. आठवून बघा, हॉटेलात मी तुम्हाला कायम डावीकडे बसवायचो. सांगायची लाज वाटायची. आत्ता तुम्ही जे बोललात, त्यातलं निम्मंसुद्धा कळलं नाही."

हेमलता उठली, दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, त्यांना वळसा घालून डाव्या बाजूला नेऊन ठेवली आणि नीट सावरून बसली.

"पहिल्यापासून सांगते," ती म्हणाली.